ऊस, चिखल आणि पॅटन: पहिला डायोरामा असा उभा करा

रणगाड्याचं किट जोडता आलं म्हणजे डायोरामा, म्हणजे एखादा प्रसंग छोट्या प्रमाणात उभा केलेला देखावा, जमला असं होत नाही. किटच्या खोक्यात फक्त रणगाडा असतो. तो कुठे उभा आहे, तिथेच का थांबला, त्याच्याभोवती कोण आहे, हे सगळं आपल्याला दाखवायचं असतं. नवशिक्यांची बहुतेक मेहनत रणगाड्यावर खर्च होते आणि शेवटी त्याच्याखाली थोडी माती, दोन दगड आणि हिरवा रंगवलेला भुसा येतो. असा रणगाडा कितीही सुंदर रंगवला तरी कुणीतरी उचलून ठेवल्यासारखा दिसतो. त्याचं वजन जाणवत नाही. म्हणून माझा आग्रह असा की विचार जमिनीपासून सुरू करा.

जमिनीचं महत्त्व कळायला असल उत्तरच्या लढाईइतका चांगला प्रसंग नाही. भारत-पाकिस्तान युद्धात, ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत, पंजाबात खेमकरणजवळ ही लढाई झाली. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनकडे अमेरिकेकडून मिळालेले एम-४७ आणि एम-४८ पॅटन रणगाडे होते. समोर आपली ४ माउंटन डिव्हिजन आणि २ स्वतंत्र चिलखती ब्रिगेड होती. आपल्याकडे थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन रणगाडे होते, डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन होते आणि एटथ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३ होते. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकारात बचावाची फळी धरली, शेतांत पाणी सोडलं आणि रणगाडे उभ्या उसाच्या आड दडवले. पॅटन पुढे आले, चिखलात मंदावले, काही रुतले आणि जवळच्या अंतरावरून टिपले गेले. फोर ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने रणगाडे फोडले, ते याच लढाईत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भारतीय नोंदींनुसार ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. पकडलेले पॅटन भिखीविंडला ओळीने उभे केले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

आपण या लढाईतला एकच क्षण घेऊ. गोळीबार थांबला आहे. एक एम-४७ उसाच्या कडेला चिखलात पोटापर्यंत रुतलेला, हॅच (माणसं आत-बाहेर करायची झाकणं) उघडे, आतली माणसं निघून गेलेली. आपले तीन जवान तिथे पोचले आहेत. एवढंच. स्फोट, ज्वाळा, प्रेतं काही नको. पहिल्या कामात आगीचा धूर कापसाने दाखवायचा मोह होतो, तो टाळा. आणि मेलेला सैनिक, तो कुठल्याही बाजूचा असो, सजावटीची वस्तू नाही.

आधी माप, मग खरेदी

आपण १/३५ प्रमाण, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग, घेणार आहोत. चिलखती वाहनांची आणि सैनिकांची सर्वांत जास्त किट याच प्रमाणात मिळतात. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या प्रमाणात ५० मिलिमीटरचा होतो. एम-४७ ची नळीसकट लांबी ८.५१ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे २४३ मिलिमीटर. रुंदी ३.५१ मीटर, म्हणजे १०० मिलिमीटर. ऊस दोन-सव्वादोन मीटर धरला तर ६० ते ६५ मिलिमीटर. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतील.

३६ बाय २८ सेंटिमीटरचा पाया पुरतो. त्या मापाचा पुठ्ठा कापा, रणगाड्याच्या मापाचं एखादं खोकं त्यावर ठेवा, माणसांच्या जागी ५० मिलिमीटर उंचीचे पुठ्ठ्याचे तुकडे उभे करा आणि दोन-तीन दिवस येता-जाता बघत राहा. खोकं पायाच्या कडेला समांतर ठेवू नका, तिरकं फिरवा. ऊस मागच्या डाव्या कोपऱ्यात दाट, पुढे विरळ. माणसं एका ओळीत नकोत. बघणाऱ्याची नजर उसाच्या शेंड्यावरून बुरुजावर (रणगाड्याच्या तोफ बसवलेल्या फिरत्या भागावर), तिथून नळीवरून खाली माणसांवर आणि माणसांवरून चाकोरीच्या खुणांकडे उतरली पाहिजे. जागा रिकामी वाटली तर पाया लहान करा. रिकामी जागा भरायला ड्रम, खोकी आणि तुटकी बैलगाडी आणू नका.

एम-४७ चं इटालेरी कंपनीचं जुनं किट आहे आणि टाकोम कंपनीचं नवं. नवशिक्यासाठी जुन्या साच्याचं, कमी भागांचं किट चांगलं. त्यात चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांसाठी व्हिनाइलची सलग पट्टी येते. नव्या किटमध्ये कडीला कडी जोडावी लागते. दिसायला ते छान, पण आपल्या पट्ट्यांचा खालचा अर्धा भाग चिखलातच जाणार आहे.

हत्यारं थोडीच लागतात: स्प्रूवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) भाग सोडवायला बारीक साइड कटर, धारदार ब्लेड, टोकदार चिमटा, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, पातळ प्लॅस्टिक सिमेंट, फेविक्विक, एम-सील, फेविकॉल आणि ०, १, ३ नंबरचे बरे ब्रश. ब्रशवर पैसे वाचवू नका. एअरब्रश असला तर उत्तम, नसला तर प्रायमर आणि मूळ रंगासाठी स्प्रे कॅन चालतो. रणगाडा आणि माणसं यांना मॉडेलसाठीचे अ‍ॅक्रिलिक घ्या. कॅमलचे नेहमीचे अ‍ॅक्रिलिक जमिनीला आणि उसाला झकास चालतात. चेहऱ्यावर मात्र त्यांचा थर जाड बसतो.

रणगाडा जोडताना

सूचनापत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाचा, मगच कटर उचला. भाग स्प्रूवरून खेचून तोडू नका. कटरने थोडं अंतर ठेवून कापा, उरलेला कोंब ब्लेडने काढा, मग पॉलिश पेपर फिरवा. प्लॅस्टिक सिमेंट दोन भाग एकमेकांना टेकवून फटीवर ब्रशच्या टोकाने लावायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. ते प्लॅस्टिक वितळवून सांधतं, म्हणून बोट ओल्या सांध्यावर पडलं की ठसा कायमचा उमटतो. फेविक्विक फक्त धातू, तार आणि रेझिनसाठी ठेवा. त्याच्या वाफेने जवळच्या रंगावर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं.

एम-४७ च्या प्रत्येक बाजूला सहा रस्ता-चाकं (खालच्या पट्टीवरून धावणारी मोठी चाकं), वर तीन लहान रोलर आणि शेवटच्या रस्ता-चाकामागे पट्टी ताणून धरणारं एक छोटं चाक असतं. दात असलेलं चाक मागे असतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मागे आहेत. ही गोष्ट डोक्यात ठेवा. रुतलेला रणगाडा बाहेर पडायला धडपडतो तेव्हा पट्टी आपल्याच खाली खड्डा खणते आणि जड मागची बाजू आधी बसते. म्हणून आपला पॅटन मागे आणि एका कुशीला कललेला दाखवायचा. कल ५ ते ८ मिलिमीटर पुरे, म्हणजे प्रत्यक्षातले वीस-पंचवीस सेंटिमीटर.

चाकं आणि पट्ट्या सुट्या ठेवून रंगवणं सोपं जातं. पट्टीचा वरचा पदर तंग दोरीसारखा सरळ राहू देऊ नका. रोलरांच्या मधे ती वजनाने किंचित झोळ खाते. पदर खाली दाबून आतून फेविक्विकचा थेंब दिला की काम होतं. व्हिनाइलच्या पट्टीला ही एक गोष्ट केली तरी तिचं खेळणंपण निघून जातं.

हॅच उघडे ठेवायचे आहेत, पण किटला आतली बाजू नसते. झाकणं अर्धवट उघडी ठेवा आणि आतला भाग काळपट रंगवा. बुरुज सरळ पुढे नको, थोडा उसाच्या दिशेने वळवा. शेवटच्या क्षणी तोफ कुणाला शोधत होती, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

रंग, आणि किती थांबायचं ते

जोडलेला रणगाडा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. राखाडी प्रायमर द्या. प्रायमर वाळला की सांध्यांतल्या फटी आणि उरलेले ओरखडे दिसतात. ते आताच भरा. मग ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट लष्करी हिरवा. टॅमिया कंपनीचा एक्सएफ-६२ हा रंग त्यासाठीच आहे. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे. त्याच रंगात थोडा बफ (फिकट पिवळट तपकिरी) मिसळून वरच्या पृष्ठभागांच्या मध्यभागी, जिथे ऊन पडतं तिथे, हलका हात मारा. छोट्या प्रमाणात गडद रंग काळपट दिसतो, म्हणून ही फिकट छटा लागतेच.

खुणांच्या बाबतीत शिस्त पाळा. किटमधल्या डिकल (चिकटवायच्या छापील खुणा) बहुधा दुसऱ्याच देशांच्या तुकड्यांच्या असतात, त्या लावू नका. पकडलेल्या पॅटनची कृष्णधवल छायाचित्रं भरपूर उपलब्ध आहेत. तुमच्या समोरच्या छायाचित्रात जी खूण स्पष्ट दिसते तेवढीच रंगवा. शक्य असेल तर अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियमला जाऊन या. तिथे हे रणगाडे समोर उभे आहेत. कॅमेऱ्यापेक्षा डोळ्यांनी जास्त बघा: ओतीव बुरुजाचा खडबडीत पोत, जोडकामाच्या शिवणी, नळीचा उतार. ओतीव पोलादाचा तो पोत मॉडेलवर हवा असेल तर प्रायमरआधी बुरुजावर पातळ केलेली मॉडेल पुटी जुन्या ब्रशने ठोकून लावा आणि वाळल्यावर वरवर घासा.

पुढचा क्रम असा. चकचकीत व्हार्निश द्या आणि एक दिवस थांबा. मग गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तो फक्त फटी, बोल्ट आणि कोपऱ्यांत सोडा. सगळ्या रणगाड्याला आंघोळ घालायची नाही. अर्ध्या तासाने जास्तीचा रंग कोरड्या ब्रशने वरून खाली ओढून घ्या. रंग उडालेल्या जागा हॅचच्या कडा, चढण्याच्या पायऱ्या आणि हाताने धरायच्या कड्या एवढ्यापुरत्या. हा चालू सैन्यातला रणगाडा आहे, काही वेळापूर्वीपर्यंत तो धावत होता. त्याच्यावर गंजाचे ओघळ शोभत नाहीत. पट्ट्यांचे पॅड रबराचे असतील तर त्यांवर चंदेरी चमक देऊ नका. चमक फक्त उघड्या पोलादाच्या कडांना.

शेवटी मॅट व्हार्निश. मुंबई-कोकणातल्या वाचकांनी पावसाळ्यात हे काम कोरड्या दिवशी करावं. हवेत दमटपणा जास्त असला की मॅट व्हार्निशवर पांढुरकी साय धरते आणि सगळ्या छटा तिच्याखाली जातात. स्प्रे मारताना खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क, हे सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

जमीन

पायासाठी १२ मिलिमीटर एमडीएफ किंवा प्लायवूड घ्या, दोन्ही बाजूंनी व्हार्निश मारा, नाहीतर ओल लागून तो वाकतो. वर ३० मिलिमीटर जाडीचा घट्ट एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण दाणे नसलेला) फेविकॉलने चिकटवा. थर्माकोल चालेल, पण तो कापताना दाणे उडतात आणि स्प्रेच्या सॉल्व्हंटने विरघळतो.

जाडी एवढी का? एम-४७ चं पोट जमिनीपासून साधारण ४७ सेंटिमीटर वर असतं. मॉडेलमध्ये ते १३-१४ मिलिमीटर भरतं. पोट टेकवायचं तर पट्ट्या तेवढ्या खाली गेल्या पाहिजेत, मागे आणखी जास्त. फोमवर रणगाडा ठेवून पट्ट्यांची बाह्यरेषा काढा, दोन मिलिमीटर मोकळी ठेवून खोबणी कोरा, बसवून बघा, काढा, पुन्हा कोरा. इथे घाई केली की रणगाडा तरंगतो, आणि तरंगणारा रणगाडा नंतर कितीही चिखल थापला तरी बसत नाही. मागे चाकोरी कोरा: प्रत्येक पट्टीची रुंदी १७ मिलिमीटर, दोन्ही पट्ट्यांच्या मध्यरेषांमधलं अंतर ८० मिलिमीटर. चाकोरी दूर उथळ, रणगाड्याजवळ खोल. एवढ्या एका उतारावरून तो कसा हळूहळू खाली गेला ते दिसतं.

उसाचं शेत म्हणजे सरी-वरंबे आलेच. ओळींमधलं अंतर २० ते २५ मिलिमीटर ठेवा. फोमवर बोथट चमच्याच्या दांड्याने सऱ्या ओढा. मागच्या भागात त्या शाबूत, रणगाड्याच्या वाटेत चिरडलेल्या.

मातीचा लगदा असा करा: दोन वाट्या वॉल पुटी, एक वाटी चाळलेली माती, अर्धी वाटी फेविकॉल, लागेल तसं पाणी आणि तपकिरी रंग. माती चहाच्या गाळणीतून नव्हे, सुती कापडातून चाळा. १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. चाळलेली माती तव्यावर चांगली भाजून घ्या, म्हणजे त्यातले किडे आणि बुरशी मरते. अंगणातली माती रंगासाठी वापरू नका. आपल्याकडची काळी किंवा कोकणातली तांबडी माती पंजाबात चालणार नाही. तिथली नदीच्या गाळाची माती कोरडी असताना फिकट राखाडी-तपकिरी आणि भिजली की गडद चॉकलेटी होते. लगदा वाळल्यावर तो रंग वरून द्यायचाच आहे.

लगदा तीन-चार मिलिमीटर जाड पसरा. तो अर्धवट ओला असताना उरलेल्या पट्टीचा एखादा तुकडा पाण्यात बुडवून चाकोरीत दाबा, ठसे उमटतात. पट्टीच्या दोन्ही कडांना चिखल वर फुगलेला असला पाहिजे. बाजूला गेलेला चिखल कुठेतरी जाणारच ना. आता रणगाडा खोबणीत दाबून बसवा, तो थोडा रुतू द्या, कडेने लगदा चमच्याने वर सारा. हे करताना रणगाडा रंगवून झालेला असावा, म्हणजे त्याच्या अंगावरचा आणि जमिनीवरचा चिखल एकाच भांड्यातला येतो. चिखल अंगावर घेताना तीन छटा ठेवा. जुना वाळलेला चिखल वर आणि फिकट, त्याखाली ओलसर, आणि सगळ्यांत खाली चकचकीत ओला. ब्रश चिखलात बुडवून काडीवर आपटला की शिंतोडे उडतात. आधी कागदावर हात बसवा.

ऊस

या डायोरामाचा जीव उसात आहे. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला ऊस शिकवायची गरज नाही, आणि तोच सर्वांत कडक परीक्षक असणार. बाजारात तयार मिळणारी प्लॅस्टिकची झाडं इथे उपयोगाची नाहीत. घरी करायचा.

खऱ्या उसाची जाडी अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडे पाऊण ते एक मिलिमीटर. खराट्याची हीर बुडाशी जाड पडते. फुलझाडूच्या सरळ काड्या किंवा मऊ तार चांगली. ६० ते ६५ मिलिमीटर लांबीचे तुकडे कापा, खाली आणखी १० मिलिमीटर जमिनीत खोचायला ठेवा. पिवळसर हिरवा रंग द्या. दर तीन मिलिमीटरवर पेराची बारीक रेघ काढा आणि तिच्या खाली मळकट पांढऱ्याचा पुसट स्पर्श द्या. उसाच्या कांड्यावर जो मेणासारखा थर असतो तो हाच. प्रत्येक काडीवर हे करायला नको, पुढच्या रांगेतल्या वीस-पंचवीस काड्यांवर केलं की पुरतं.

पानांसाठी साधा पातळ कागद दोन्ही बाजूंनी रंगवा. एकच हिरवा नको: एक ताव पिवळसर, एक गडद, एक वाळलेल्या गवताच्या रंगाचा. ३० ते ४० मिलिमीटर लांब, बुडाशी सव्वा मिलिमीटर आणि टोकाला निमुळत्या पट्ट्या धातूच्या पट्टीवर ब्लेडने कापा. सुईच्या बोथट बाजूने मधोमध घडी पाडा, त्या शिरेवर फिकट रेघ ओढा, मग पान बोटांमध्ये धरून टोक खाली वळवा. उसाची पानं खोडाच्या दोन बाजूंना आळीपाळीने येतात, चहूकडे गोल फुटत नाहीत. वर सहा-सात हिरवी पानं, त्याखाली दोन-तीन वाळलेली, खोडाला लगटून लोंबणारी. सरीत पाचट टाका. आणि तुरा काढू नका. सप्टेंबर आहे, उसाला अजून तुरा आलेला नाही.

ऊस एकेकटा उगवत नाही, बेटं असतात. चार-पाच काड्या एका भोकात थोड्या बाहेर झुकवून रोवा. मागच्या कोपऱ्यात दोन-तीन ओळी, सत्तर-ऐंशी काड्या झाल्या की पलीकडचं काही दिसत नाही. सगळ्यात मागच्या ओळीला पानं जास्त आणि काम ओबडधोबड चालेल.

आता रणगाड्याची वाट. तो उसातून आला असेल तर मोडलेला ऊस त्याच्या जाण्याच्या दिशेने आडवा पडलेला हवा, शेंडा पुढे, बूड मागे. काही काड्या मधेच चिरून मोडा, मोडल्या जागी आतला पांढुरका गर दाखवा. चाकोरीत पानं चिखलात दाबलेली, दोन-चार पानं मागच्या दातेरी चाकात अडकून फिरलेली, एक लांब पान फेंडरवर. ही पानं ताजी मोडलेली आहेत, हिरवीच ठेवा. याच कामाला सर्वांत जास्त संध्याकाळी जातील. रेडिओ लावा आणि रोज दहा-दहा ऊस करत जा.

माणसं

१९६५ च्या भारतीय पायदळाचे तयार संच सहज मिळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायदळाचे १/३५ संच घ्या. तोच थाळीसारखा जाळी लावलेला हेल्मेट, तशाच धाटणीचे पट्टे आणि पाऊच आपल्या सैन्यात पुढेही अनेक वर्षं होते. .३०३ रायफलही चालते, कारण नवी सेल्फ लोडिंग रायफल आलेली असली तरी .३०३ अजून सगळीकडून गेलेली नव्हती. युरोपातल्या थंडीचा जाड बॅटलड्रेस मात्र नको. साधा शर्ट घातलेली माणसं निवडा, बाह्या एम-सीलने दुमडून घ्या.

तीन माणसांना तीन कामं द्या. एकजण इंजिनच्या झाकणावर चढून उघड्या हॅचकडे सावध जातोय, रायफल तयारीत. दुसरा सरीत नडगीभर पाण्यात थांबून उसाकडे तोंड करून पहारा देतोय. तिसरा, नाईक किंवा हवालदार, पहिल्याकडे बघत हाताने थांबायची खूण करतोय. कुणीही बघणाऱ्याकडे पाहत नाही. हात, डोकी आणि धड वेगवेगळ्या आकृत्यांतून घेऊन जोडता येतात. जोडताना मान धडाच्या दिशेपेक्षा थोडी वळवा, पुतळेपणा जातो.

चिखलातल्या माणसाचे पाय कापायला कचरू नका. बूट घोट्यापर्यंत जमिनीत गेले पाहिजेत. टाचेत बारीक तार खोचा, तिच्यावर धरून रंगवा, नंतर तीच तार जमिनीत रोवा.

बाटलीतला तयार फ्लेश रंग गोऱ्या युरोपीय कातडीसाठी असतो. आपल्या जवानांना तो तसाच लावला तर सगळं बिघडतं. बर्न्ट सिएन्ना, थोडा पिवळा ऑकर आणि थोडा तोच फ्लेश, असं मिश्रण करा. सावलीसाठी त्यात गडद तपकिरी घाला. उजळ भागासाठी पांढरा घालू नका, चेहरा राख फासल्यासारखा होतो. ऑकर आणि फ्लेश वाढवा. उजेड नाकाच्या शेंड्यावर, गालांच्या हाडांवर, खालच्या ओठावर आणि हनुवटीवर. डोळ्यांना पांढरे ठिपके देऊन बुबुळं काढायची नाहीत. हेल्मेटखाली पन्नास मिलिमीटरच्या माणसाचे डोळे म्हणजे एक गडद रेघ, तेवढीच. तिघांचे वर्ण सारखे नकोत, एकाच गावातली तीन माणसंही एका रंगाची नसतात.

गणवेश ऑलिव्ह ग्रीन. तो रणगाड्याच्या ऑलिव्ह ड्रॅबमध्ये मिसळू नये म्हणून थोडा अधिक हिरवा आणि फिकट घ्या. पाठीवर आणि काखेत घामाचा गडद डाग, गुडघ्याखाली चिखल. सप्टेंबरातल्या पंजाबात उकाडा असतो.

पाणी आणि जुळणी

जमीन रंगवून, ऊस रोवून, माणसं बसवून झाल्यावर सर्वांत शेवटी पाणी. आधी सगळ्या जमिनीवर पातळ फेविकॉलचा हात द्या. कुठे बारीक भोक राहिलं तर रेझिन फोममधून खाली झिरपतं. पायाच्या कडांना रुंद चिकटपट्टीने बांध घाला. पारदर्शक इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात वजन करून मिसळा, अंदाजाने नाही. त्यात ऑकर-तपकिरी तैलरंगाचा सुईच्या टोकाएवढा ठिपका. शेतातलं पाणी निळं नसतं, गढूळ असतं. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग यात घालू नका, रेझिन नीट घट्ट होत नाही.

दोन-तीन मिलिमीटरच्या थरांत ओता, एका थरानंतर पूर्ण दिवस जाऊ द्या. बुडबुडे हेअर ड्रायरच्या दुरूनच्या गरम झोताने फुटतात. रेझिन उसाच्या खोडांवर आणि बुटांवर थोडं चढतं आणि तिथे ओली कड चकाकते. घट्ट झाल्यावर तिच्यावर मॅट व्हार्निश बारीक ब्रशने लावा. चाकोरीत पाणी, सरीत पाणी, वरंब्याची पाठ मात्र फक्त ओलसर. सगळीकडे सारखं पाणी भरलं तर तळं होतं.

चोवीस तासांनी चिकटपट्टी काढा, कडा पॉलिश पेपरने सपाट करा आणि काळ्या किंवा गडद तपकिरी रंगाने एकसंध रंगवा. पुढच्या कडेवर छोटी पट्टी: ‘असल उत्तर, सप्टेंबर १९६५’. वर अ‍ॅक्रिलिकची पेटी करून घ्या, कागदी पानांत शिरलेली धूळ निघत नाही. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. रेझिन पिवळं पडतं आणि कागदाचा हिरवा वर्षभरात विटतो.